मान कोणाची आणि सही कोणाची?

कोल्हापुरात राहणाऱ्या, घरीच शिवणकाम करणाऱ्या ४२ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश देतो.

साडेतीन महिन्यांपूर्वी निपाणीकडचे एक लग्न आटोपून त्या पतीसह कारने परतत होत्या. गाडी पती चालवत होते, त्या शेजारी बसल्या होत्या. कोगनोळी टोलनाक्याच्या रांगेत गाडी जवळजवळ थांबलेली असताना मागून आलेली कार जोरात धडकली. ती नणंदेच्या दिराचा मुलगा चालवत होता. तोही त्याच लग्नाहून परतत होता. डिकी चेपली, बंपर तुटला, रक्त कोणाचेच आले नाही. दुसऱ्या दिवशी थोरली मंडळी बसली, मुलाकडच्यांनी गाडीच्या कामासाठी १५ हजार रुपये दिले आणि ‘आमची काहीही तक्रार नाही, यापुढे कसलीही मागणी करणार नाही’ असे लिहिलेल्या कागदावर पतीने सही केली. पोलिसांत कोणीच गेले नाही. तिसऱ्या दिवशी बाईंची मान आखडली. एक्स-रे चांगला आला. महिन्याभराने उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा काढलेल्या एमआरआयमध्ये मानेच्या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेल्याचे दिसले. उपचारांवर ६८ हजार रुपये गेले. पूर्वी दिवसाला चार ब्लाऊज व्हायचे, आता जेमतेम दोन होतात.

त्या लिहितात, ‘भरपाई मागावी असे वाटते, पण पाहुण्यांवर केस कशी टाकायची? त्या पोराचे वाटोळे होईल. शिवाय सही झालेली आहे, एक्स-रे चांगला आहे आणि ते म्हणतात तुमच्याच माणसाने अचानक ब्रेक मारला. मी लोभी ठरते आहे का?’

सप्रेम नमस्कार.

‘पाहुण्यांवर केस’ हे शब्द तुमच्या पत्रात चार ठिकाणी आले आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जो अर्ज होतो, त्यात चालक, गाडीचा मालक आणि त्या गाडीची विमा कंपनी असे तीन सामनेवाले असतात. पहिली दोन नावे ओळखीची असल्यामुळे तुमची नजर तेथेच अडकली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार तृतीय पक्षाचा विमा उतरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही, आणि हा विमा असतो तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेसाठी. त्या मुलाच्या वडिलांनी वर्षानुवर्षे जो हप्ता भरला, तो नेमका अशाच दिवसासाठी भरला. विमा चालू असेल आणि चालकाकडे योग्य परवाना असेल, तर भरपाईची रक्कम विमा कंपनी देते, मुलाच्या घरातून काही जात नाही. परवान्यात खोट निघाली तरी अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग ते मालकाकडून वसूल करायला सांगते. त्या परिस्थितीत मात्र पाहुण्यांना झळ बसू शकते. म्हणून पहिले काम हे की, एम-परिवहन ॲपमध्ये त्या गाडीचा क्रमांक टाकून अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का, हे पाहा, आणि परवान्याविषयी मुलालाच सरळ विचारा. विमाच नसेल, तर तुमच्या प्रश्नाचे स्वरूप खरोखर बदलते आणि मग दहा वेळा विचार करणे योग्य ठरेल.

पोलिसांची बाजू मी झाकून ठेवणार नाही. तक्रार झाली, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि इजेच्या स्वरूपानुसार कलम १२५ लागू शकते. ही कलमे जामीनपात्र आहेत. मुलाला पोलीस ठाण्यात जबाब द्यावा लागेल, पुढे न्यायालयात काही तारखांना हजर राहावे लागेल आणि त्याच्या आईची काही दिवस झोप उडेल. याला वाटोळे म्हणता येणार नाही. पण काहीच होणार नाही असेही मी म्हणणार नाही. पोलिसांत गुन्हा नोंद नसताना भरपाईचा अर्ज करता येतो का, असे पुष्कळ वाचक विचारतात. करता येतो, पण अपघात घडला हेच मुळात सिद्ध करण्याचे ओझे मग पूर्णपणे अर्जदाराच्या खांद्यावर येते, आणि दोन्ही पक्ष नात्यातले असतील तर कंपनीचा वकील ‘हे सगळे संगनमताने चालले आहे’ असे पहिल्याच तारखेला म्हणेल. त्यामुळे उशिरा का होईना, तक्रार नोंदवावी असे माझे मत आहे. निव्वळ तक्रारीला उशीर झाला म्हणून भरपाईचा दावा खोटा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलेले आहे. उशिराचे कारण मात्र खरे तेच लिहावे : नात्यातला मामला होता, आपसात मिटवले होते आणि दुखणे नंतर वर आले.

आता त्या कागदाविषयी. सही तुमच्या पतीची आहे, आणि मान तुमची. गाडी त्यांच्या नावावर असेल, तर बंपरच्या खर्चापुरती मागणी सोडून देण्याचा त्यांना अधिकार होता. तुमच्या शरीराला झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क तुमचा स्वतंत्र आहे, आणि तुम्ही न केलेल्या सहीने तो संपत नाही. (थोरली मंडळी बसली तेव्हा तुम्ही कोठे होता, हे पत्रात नाही. चहा करत होता, असा माझा अंदाज आहे.) शिवाय तो कागद झाला त्या दिवशी मानेची इजा कोणाला ठाऊकच नव्हती. तेव्हा विमा कंपनी तो कागद समोर ठेवील, त्यावर उलटतपासणीत दोन प्रश्नही होतील. त्यापलीकडे त्याची फारशी धास्ती बाळगू नका. तो लपवू मात्र नका. गंमत अशी की, हा कागद मुलाकडच्यांनाही सोयीचा नाही. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही किंवा पैसे द्यायचे नाहीत, अशी अट आपल्याकडच्या मोटार विम्याच्या पॉलिसीत छापलेली असते, आणि रस्त्यावर किंवा बैठकीत प्रकरण मिटवताना ती कोणाच्याच लक्षात नसते.

‘अचानक ब्रेक मारला’ हा आक्षेप मागून धडक दिलेल्या प्रत्येक प्रकरणात येतोच. पुढचे वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी आपली धडक बसणार नाही एवढे अंतर मागच्याने राखले पाहिजे, हा रस्त्याचा लिखित नियम आहे. ट्रकवर मागून कार आदळलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच नियमावर बोट ठेवले. महामार्गावर १०-१५ फुटांचे अंतर हे सुरक्षित अंतर नव्हे, असे तेथे ठरले. पण म्हणून पुढचा चालक नेहमीच निर्दोष असतो असेही नाही. तमिळनाडूतील एका अपघातात भर महामार्गावर कारने इशारा न देता ब्रेक लावला, मागचा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून पडला आणि बसखाली सापडून त्याने पाय गमावला. जुलै २०२५ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्के दोष कारचालकावर, ३० टक्के बसचालकावर आणि २० टक्के दोष पुरेसे अंतर न ठेवणाऱ्या त्या दुचाकीस्वारावर ठेवला. तुमच्या बाबतीत टोलनाक्याची रांग होती, आणि रांगेत गाड्या थांबतात हे मागच्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या वादात तुमच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. तुम्ही गाडी चालवत नव्हता. दोन चालकांच्या चुका मिळून तिसऱ्याला इजा झाली, तर तो तिसरा माणूस दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, आणि कोणाचा वाटा किती हे त्यांनी आपसात पाहायचे असते; २०१५ पासून सर्वोच्च न्यायालयाचा हा निर्णय पक्का आहे. म्हणजे तुमच्या पतीची थोडीफार चूक निघाली, तरी तेवढ्याने तुमची रक्कम कापली जाऊ नये. सीटबेल्ट लावला होता का, हे मात्र विचारले जाईल. खरे सांगा.

ओघात इतर वाचकांसाठी एक सांगतो. आपल्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की, रात्री रस्त्याकडेला विनादिवा, विनारिफ्लेक्टर उभ्या राहिलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळण्याचे प्रकार होतात. तेथे ‘मागचाच चुकला’ असे गावात सगळे म्हणतात आणि घरचेही तेच मान्य करून गप्प बसतात. अंधारात दिव्याशिवाय वाहन उभे करणे हाही निष्काळजीपणाच आहे. अशा वेळी ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा फोटो त्याच रात्री काढून ठेवावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर नवा कोरा रिफ्लेक्टर चमकत असतो.

तुमच्या दुखण्याकडे येतो. एक्स-रे चांगला आला म्हणजे काही झालेले नाही, हे तुमचे गृहीतक कंपनीच्या फार सोयीचे आहे. मागून धडक बसते तेव्हा सीट पाठीला पुढे ढकलते, डोके क्षणभर मागेच राहते आणि मग झटक्याने पुढे येते. यात मानेचे स्नायू, बंध आणि मणक्यांमधल्या चकत्या ताणल्या जातात. एक्स-रेमध्ये हाड दिसते. या गोष्टी दिसत नाहीत. दुखणे एक-दोन दिवसांनी वर येणे हेही या इजेत नेहमीचे आहे. खरी अडचण दुसरीकडे आहे. तुम्ही पाठवलेल्या कागदांत तिसऱ्या दिवशीचा केसपेपर आहे, आणि त्यावर डॉक्टरांच्या हातचे एवढेच आहे : ‘मान आखडणे, एक दिवस.’ अपघाताचा उल्लेखच नाही. तुम्ही सांगितले नसेल, किंवा सांगितले असेल पण त्यांनी लिहिले नसेल. कंपनीचा वकील या एका ओळीवर आणि ‘वाकून शिवणकाम करणाऱ्या बाईची चाळिशीनंतर मान झिजतेच’ या वाक्यावर अर्धा तास काढू शकतो.

यावर उपाय आहे, पण तो सरळ मार्गाचा. त्याच डॉक्टरांकडे जा, तो प्रसंग आठवत असेल तर तसे आजच्या तारखेचे प्रमाणपत्र मागा. जुन्या केसपेपरवर एक शब्दही नव्याने लिहून घेऊ नका. शाईतला फरक उघड दिसतो आणि मग खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. अपघातापूर्वी मानेसाठी कधीच औषध घेतले नव्हते, हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगता येईल. एमआरआय पाहिलेल्या तज्ज्ञांनी इजा आणि धडक यांचा संबंध लिहून दिला, तर उत्तमच. अपघात झाल्याचा पुरावाही तुमच्या हाताशी आहे. दोन्ही गाड्यांच्या फास्टॅगच्या नोंदी पाहा, नाका ओलांडल्याची वेळ त्यात आहे. गॅरेजचे बिल, चेपलेल्या डिकीचे मोबाइलमधले फोटो, त्या रात्री नणंदेला केलेले मेसेज, यांतले काहीही पुसू नका. टोलनाक्यावरचे चित्रीकरण साडेतीन महिन्यांनी शिल्लक असण्याची आशा कमी आहे, तरी लेखी मागणी करायला हरकत नाही.

रक्कम किती मिळेल, हे तुम्ही संकोचाने विचारले आहे. आकडा कोणी आजच छातीठोक सांगत असेल, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण तो काढतात कसा, हे समजून घ्या. उपचार, औषधे, प्रवास आणि पुढे लागणारे उपचार यांचा खर्च हा एक भाग. बरे होईपर्यंत बुडालेले काम हा दुसरा. वेदना आणि जगण्यातला उणेपणा यांसाठी वेगळी रक्कम असते. सर्वांत मोठा भाग असतो तो कायमच्या अपंगत्वामुळे पुढच्या आयुष्यात कमी होणाऱ्या कमाईचा. येथे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी जशीच्या तशी धरत नाहीत. त्या अपंगत्वाचा तुमच्या कामावर किती परिणाम होतो, हे पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही पद्धत सविस्तर समजावून दिली आहे. बोटांना मुंग्या येणे हे एखाद्या व्याख्यात्याला अडचणीचे नसेल, पण गळ्याला पायपिंग लावताना, हुक टाचताना, मान खाली घालून सुईत दोरा ओवताना ज्या बाईचे बोट बधिर होते, तिची कमाई त्या बोटावरच उभी असते.

केवळ नमुन्यादाखल, आकडे माझ्या मनाचे : महिना १२ हजार रुपये कमाई सिद्ध झाली, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार झाले. स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० ते ५० मध्ये असल्यास भविष्यातील वाढीसाठी २५ टक्के मिळवतात, म्हणजे १ लाख ८० हजार. कामावरचा परिणाम १० टक्के धरला गेला, तर वर्षाचे नुकसान १८ हजार. वर्षाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात; ४१ ते ४५ या वयासाठी तो १४ आहे, म्हणून २ लाख ५२ हजार, आणि बाकीचे भाग याच्यावर. अपंगत्व कायमचे नाही असे ठरले, तर हा भाग पूर्ण गळतो, हेही लक्षात घ्या. प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडून किंवा सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून घेता येईल. नुसता कागद जोडून भागत नाही, बहुतेक वेळा डॉक्टरांची साक्ष लागते. त्यांची तयारी आधीच विचारून ठेवा.

कमाईचा पुरावा नाही, असे तुम्ही लिहिता. मापांची वही आहे ना? त्यात नाव, माप, तारीख आणि ‘शिलाई बाकी’ असे लिहिलेले असते. तिच्यासारखा बोलका पुरावा नाही. गिऱ्हाइकांनी फोनवरून पाठवलेल्या पैशांचे बँकेतले उतारे काढा, गेल्या लग्नसराईचे आणि या लग्नसराईचे समोरासमोर ठेवा. शिवाय घरकामाचेही मोल असते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या निकालात पुन्हा ठासून सांगितले आहे. कळशी उचलता येत नसेल तर तेही अर्जात यायला हवे. उपचारांतले काही बिल तुमच्या मेडिक्लेममधून गेले आहे, म्हणून ते मागता येणार नाही असे समजू नका. ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निर्णय आहे.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. १ एप्रिल २०२२ पासून अशा अर्जाला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि ते प्रलंबित असताना केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. अंतरिम आदेशाच्या भरवशावर मात्र राहू नका. तुमच्या हाती अडीच महिने आहेत.

अपघाताची जागा कर्नाटकात असली, तरी अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो, त्यामुळे तुम्हाला चिकोडी-बेळगावच्या वाऱ्या करायच्या नाहीत. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात काम होईल. तक्रारही कोल्हापुरातील पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे वर्ग करता येते. पंचनामा आणि पुढचे कागद कन्नडमध्ये येतील, त्यांचे भाषांतर करून घेण्यासाठी वेळ हाताशी ठेवा. ज्यांचा अपघात ताजा आहे, त्यांनी पोलिसांत जाण्यात टाळाटाळ करू नये : २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि हा सविस्तर अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. शिवाय मे २०२५ च्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघातानंतरच्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात.

वकिलांच्या बाबतीत एवढेच, की ‘आधी काही देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के द्या’ असे म्हणणाऱ्याला नकार द्या. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. स्त्री म्हणून तुम्हाला, उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यांचे कार्यालय न्यायालयातच असते.

अर्ज केला म्हणजे अनेक वर्षे भांडत बसावे लागेल, असेही नाही. विमा कंपनीशी बोलून लोकअदालतीत प्रकरण मिटवता येते. नात्यातल्या मामल्यात मला हा मार्ग अधिक पसंत आहे, कारण मुलाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत नाही. फक्त लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून मुंग्या थांबतात की वाढतात हे स्पष्ट होण्यापूर्वी घाईने आकडा मान्य करू नका. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आपल्या गावातच बसत असल्यामुळे त्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

काहीच न करण्याचाही पर्याय तुमच्यापुढे आहे, आणि तो निवडलात तर मी तुम्हाला भित्र्या म्हणणार नाही. नणंदेचे घर रोजच्या येण्याजाण्यातले आहे, ते तुम्ही ओळखता, मी नाही. पण तो पर्याय ‘मी लोभी ठरेन’ या भीतीने निवडू नका. ६८ हजार तुमच्या घरातून गेले आहेत आणि निम्मे काम बुडाले आहे. ते परत मागणाऱ्या माणसाला लोभी म्हणायचे, तर मग १५ हजारांचा बंपर मागणाऱ्याला काय म्हणायचे? त्याला कोणीच काही म्हटले नाही.

अर्ज करायचे ठरले, तर नोटीस टपालाने पाहुण्यांच्या दारात पडण्याआधी तुम्ही स्वतः, पतीला पुढे न करता, त्या मुलाशी बोला. रक्कम त्याच्याकडून नको आहे, ती विमा कंपनीकडून हवी आहे, हे सांगा. नोटीस आली की घाबरून फाडू नये, ती पॉलिसीच्या प्रतीसह कंपनीकडे लगेच द्यावी आणि तारखेला गैरहजर राहू नये, हेही सांगा. पोलिसांनी विचारले, तर घडले तसे सांगावे, तुमच्या भल्यासाठी काही वाढवूनही सांगू नये. एमआरआयचा रिपोर्ट सोबत न्या. ज्या पोराने ती धडक दिली, त्याला तिचे पुढे काय झाले हे आजवर कोणी दाखवलेलेच नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते.